टाचेमागची घोडशीर

जरा नावाच्या व्याधाचा बाण तळपायात शिरला आणि श्रीकृष्णाचा अवतार संपला, अशी कथा महाभारताच्या मौसलपर्वात आहे. ग्रीकांचा वीर अकिलीस हाही टाचेला बाण लागून मेला म्हणतात. आईने त्याला स्टिक्स नदीत बुडवून अभेद्य केले. पण तिने धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली. १६९३ मध्ये फेरहेयन या शरीरशास्त्रज्ञाने त्याच वीराचे नाव टाचेमागील जाड कंडरेला दिले. मराठीत तिला घोडशीर म्हणतात. नावात 'शीर' असली तरी ती रक्तवाहिनी नव्हे.

पोटरीचे दोन स्नायू खाली एकवटून या सुमारे १५ सेंटिमीटर लांबीच्या कंडरेने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. स्नायू आखडले की टाच उचलली जाते व पाऊल पुढे पडते. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. एवढी बळकट असूनही टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरांवर तिला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. बहुधा ती तेथेच तुटते.

रायपूरला तेलीबांधा तलावाच्या काठी सकाळी पुष्कळ माणसे फिरावयास येतात. वर्षानुवर्षे बैठे काम करणारा चाळिशीतला गृहस्थ तेथे एकाएकी धावू लागला, तर टाच सकाळी ताठरते, दुखते. चालणे हळूहळू वाढवावे. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा सावकाश खाली नेण्याचा व्यायाम वैद्यकीय सल्ल्याने करावा. खेळताना मात्र मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले व वळून पाहता कोणीच नसले, तर घोडशीर तुटल्याचा संशय घ्यावा.

आपल्या देशात आणखी एक प्रकार वारंवार आढळतो. सायकलच्या कॅरियरवर बसलेल्या मुलाची टाच चाकाच्या आऱ्यांत सापडते. किंवा शौचकूपाच्या फुटक्या चिनी मातीच्या भांड्यावर पाय घसरून टाचेमागे खोल जखम होते. जखम लहान दिसते, वरची कातडी शिवली जाते आणि आतली तुटलेली कंडरा तशीच राहते. इतर स्नायूंच्या बळावर रुग्ण पाऊल थोडे खाली दाबू शकतो, म्हणून फसगत होते. रुग्णाला पालथे निजवून पोटरी दाबली असता पाऊल हलले नाही, तर कंडरा तुटली असे डॉक्टर समजतात.

बंद इजेत प्लास्टर व क्रमाक्रमाने व्यायाम, अथवा शस्त्रक्रिया, असे दोन्ही मार्ग आहेत. उघड्या जखमेत ती धुऊन कंडरा शिवावी लागते. रायपुरात १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, २०१२ साली एम्सही आले. तज्ज्ञांची वाण नाही; प्रश्न वेळेवर तेथे पोहोचण्याचा आहे. मालिशीत आठवडे दवडले, तर तुटलेली टोके दूर सरतात, आणि सायकलरिक्षा ओढून पोट भरणाऱ्याच्या पायातला जोर कायमचा उणा होतो. टाचेमागची जखम कितीही लहान असो, ती त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.