न वाचलेल्याचा हिशेब

ऑक्टोबर २००५ मध्ये गूगलने ‘रीडर’ नावाचं एक वेब ॲप प्रयोग म्हणून लोकांपुढे ठेवलं. क्रिस वेदरेल या अभियंत्याच्या खटपटीतून ते उभं राहिलं होतं. आपल्या आवडीच्या साइट्सची यादी त्याला द्यायची. त्यांतल्या कुठल्याही साइटवर नवं काही आलं की ते एकाच जागी वाचायला मिळणार. पहिल्या आवृत्तीत एका बाजूला शीर्षकांची सरकती पट्टी आणि शेजारी एका वेळी एकच मजकूर, अशी मांडणी होती. दिसायला नेटकी, पण रोज शे-दोनशे मजकूर चाळणाऱ्याच्या कामाची नव्हे. कोणत्या साइटचं किती वाचायचं राहिलंय याचा एका नजरेत अंदाज येत नसे. मार्क फ्लेचर यांचं ‘ब्लॉगलाइन्स’ २००३ पासून हेच काम करत होतं. त्यात डावीकडे साइट्सची यादी आणि प्रत्येकीपुढे न वाचलेल्यांचा आकडा, असा साधा सरळ हिशेब होता. लोकांना तीच सवय होती आणि ती त्यांनी गूगलला ऐकवलीही.

वर्षभरात, सप्टेंबर २००६ मध्ये, रीडर जवळजवळ नव्याने बांधून आलं. डावीकडे फोल्डर, त्यात साइट्स, नावापुढे आकडा. उजवीकडे मजकुरांची सलग रांग. आपण खाली सरकत जाऊ तसतसे मागे पडलेले मजकूर आपोआप ‘वाचलेले’ होत. कीबोर्डवरचं ‘जे’ दाबलं की पुढचा, ‘के’ दाबलं की मागचा, ‘एस’ दाबलं की तारा. सकाळचा चहा एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या एका बोटावर जगभराचं वाचन चाले. आणि वर एक बटण होतं: सगळं वाचलं असं समज. मला हे बटण या यंत्रातली सर्वांत समंजस गोष्ट वाटते. आठ दिवस गावाला जाऊन आलेल्या माणसाला साचलेला ढीग एका फटक्यात माफ करण्याचा अधिकार त्याने दिला.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली फीड ही चीज अगदी साधी आहे. १९९९ मध्ये नेटस्केपमध्ये आयआयटी मद्रासचे पदवीधर रामनाथन गुहा आणि त्यांचे सहकारी डॅन लिबी यांनी आरएसएस या फीडच्या स्वरूपाची पहिली आवृत्ती तयार केली. पुढे डेव्ह वाइनर यांनी तिला रूढ रूप दिलं आणि २००२ मध्ये आवृत्ती २.० आली. साइट आपल्या शेवटच्या दहा-वीस मजकुरांची एक फाइल ठेवते. रीडरचा सर्व्हर दर थोड्या वेळाने तिच्या दारात जाऊन विचारतो, मागच्या खेपेनंतर काही बदललंय का? बदललं नसेल तर साइट ३०४ एवढा सांकेतिक आकडा परत देते आणि फाइल पाठवायचे कष्ट वाचतात. एकाच साइटचे हजारो वाचक असले तरी सर्व्हर विचारायला जातो एकदाच. वेबवर चालणाऱ्या रीडरची खरी बचत इथे आहे.

अवघड भाग त्यापुढचा. आलेला मजकूर नवा की जुना हे ठरवायचं कसं? त्यासाठी फीडमध्ये प्रत्येक मजकुराला एक ओळख-क्रमांक असतो. शीर्षक सुधारलं, एखादा परिच्छेद वाढवला, तरी तो तोच राहायला हवा. प्रत्यक्षात कित्येक साइट्स तिथे मजकुराचा पत्ताच टाकून मोकळ्या होतात. मग साइट सुरक्षित जोडणीवर नेताना पत्त्यात एक ‘एस’ वाढला की सगळे ओळख-क्रमांक बदलतात आणि मागचे वीसच्या वीस मजकूर ‘नवे’ म्हणून पुन्हा समोर येऊन बसतात. वाचक तक्रार करतो ती रीडरकडे, चूक असते साइटची. तरीही चांगला रीडर बनवणारा ती आपली मानतो आणि पत्ता, तारीख, मजकूर ताडून पाहून दुबार आलेलं गाळण्याची तजवीज करतो. या गाळणीचं कौतुक कुणी करत नाही, कारण ती नीट चालते तेव्हा काहीच घडत नाही. मला मात्र रीडरची पारख करायची तर मी आधी हेच पाहतो.

सप्टेंबर २००७ मध्ये गूगल रीडरमध्ये दोन सुधारणा आल्या. तोवर न वाचलेल्यांचा आकडा शंभरापर्यंतच मोजला जाई, पुढे नुसतं ‘१००+’. तो हजारापर्यंत नेला. दुसरी सुधारणा शोधाची. फीडमध्ये शेवटचे दहा-वीसच मजकूर असतात, पण रीडर आधी आलेले सगळे जपून ठेवत असे. त्यामुळे शोध आल्यावर दोन वर्षांपूर्वी वाचलेला लेख हाती लागू लागला. वाचकाने निवडलेल्या साइट्सच्या आवारातच तो शोध चाले, म्हणून तो उघड्या वेबवरच्या शोधापेक्षा कितीतरी उपयोगी होता. उलट, तीस दिवसांहून जुनं झालेलं न वाचलेलं रीडर आपणहून ‘वाचलेलं’ करून टाके. ती अट शेवटपर्यंत राहिली आणि मला ती कधीच पटली नाही. काय शिळं झालं हे वाचकाने ठरवायचं असतं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात झालेला बदल वेगळ्या जातीचा होता. वाचकाने ‘शेअर’ केलेले मजकूर त्याच्या जीमेलवरच्या गप्पांतल्या ओळखीच्यांना आपोआप दिसू लागले. न विचारता. मोजक्या मित्रांसाठी निवडलेलं वाचन साहेबापुढे आणि सासरच्यांपुढे जाऊन पडल्यावर लोक खवळणारच. पुढे कुणाला काय दिसावं यावर वाचकाचा ताबा आला आणि त्यानंतर हीच सोय रीडरचा प्राण ठरली. इराणमध्ये तर अनेक साइट्सवर बंदी असताना त्यांचा मजकूर रीडरमधून वाचता येई, त्यावर चर्चा करता येई. तिथल्या तरुणांनी त्याचं ‘गूदर’ असं लाडकं नाव पाडलं होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये गूगलने हे शेअरिंग काढून टाकलं आणि त्या जागी गूगल प्लस या आपल्या सोशल नेटवर्कचं बटण बसवलं. वाचकांनी असं काही मागितलं नव्हतं. गरज कंपनीची होती. वर्षानुवर्षं जमलेली वाचकांची छोटी छोटी मंडळं त्यात मोडली.

१३ मार्च २०१३ ला बंदची घोषणा झाली आणि १ जुलैला रीडर थांबलं. लाखावर लोकांनी विनंती-अर्जावर सह्या केल्या, पण निर्णय फिरला नाही. जमेची गोष्ट एवढीच की साइट्सची यादी ओपीएमएल या खुल्या स्वरूपात बाहेर काढता येत होती. रीडरच्या चमूत काम केलेल्या मिहाई पारपारिता यांनी तारे, टिपणं, शेअर केलेलं असं सगळंच उतरवून घेण्याचं साधन लिहून दिलं. ‘फीडली’ या दुसऱ्या रीडरकडे पहिल्या ४८ तासांत पाच लाख लोक गेले.

हजारो मंडळी ‘न्यूजब्लर’कडे वळली. सॅम्युएल क्ले नावाचा एकटा प्रोग्रामर २००९ पासून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत येता-जाता ते लिहीत होता. सर्व्हर इतके दमले की त्याला फुकट खाती काही काळ थांबवावी लागली. पण त्याच्याकडे दोन गोष्टी पक्क्या होत्या. वर्गणी देणारे वाचक होते आणि सगळा कोड सर्वांसाठी खुला होता. न्यूजब्लरची खासियत म्हणजे त्याची शिकवणी. एखादा लेखक, एखादा विषय, शीर्षकातला एखादा शब्द यांवर वाचक अंगठा वर किंवा खाली करतो. आवडीचं हिरवं होतं, नावडीचं लाल होऊन लपतं. वाचक कशावर किती वेळ थांबला यावरून आडून अंदाज बांधायचे नाहीत. त्याने सांगितलं तेवढंच शिकायचं. आजच्या अ‍ॅपांच्या काळात मला हे फार मोलाचं वाटतं.

जून २०२१ मध्ये न्यूजब्लरचे सर्व्हर नव्या व्यवस्थेत हलवताना, प्रोग्राम चालवण्यासाठी वापरलेल्या डॉकर या साधनाने फायरवॉलला वळसा घालून डेटाबेसचं दार जगाला उघडं केलं. कुणीतरी डेटा पुसून खंडणी मागितली. जुनी मूळ प्रत बंद करून ठेवलेली शाबूत होती, म्हणून सगळं परत आलं. क्लेने काय चुकलं, कधी चुकलं, हे तासावार लिहून वाचकांपुढे ठेवलं. वाचकांचा विश्वास अशाने वाढतो.

आता ‘फ्रेशआरएसएस’ आणि ‘मिनिफ्लक्स’ असे रीडर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतात. दोघांचाही कोड खुला आहे. मिनिफ्लक्स तर मुद्दाम कमी सोयींचं ठेवलेलं आहे. नव्या मागणीला नकार देणं हाही तिथे सुधारणेचाच भाग मानतात. ते मला पटतं, पण मराठी वाचकाच्या काही मागण्या नकार देण्यासारख्या नाहीत.

२००५ च्या आसपास मराठी वर्तमानपत्रांच्या कित्येक साइट्स स्वतःच्या फाँटवर चालत. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठवलेली असत रोमन अक्षरं आणि चिन्हं. फीडमधून अक्षरं येतात, फाँट येत नाही; त्यामुळे रीडरमध्ये अग्रलेखाचा नुसता चुराडा दिसे. साइट्स युनिकोडवर गेल्या आणि तो प्रश्न सुटला. दुसरा मात्र टिकून आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. मराठी वर्तमानपत्रात तो नाही असा दिवस जात नाही. त्यातला ‘ऱ्य’ संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एकात खालच्या टिंबाचा स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. युनिकोडचे नेहमीचे एकरूपतेचे नियमही या दोघांना एक करत नाहीत. त्यामुळे रीडरने त्यासाठी वेगळी काळजी घेतली नसेल तर वर्षभराच्या साठ्यात ‘शेतकऱ्यांना’ शोधणाऱ्याला काही बातम्या मिळतात आणि काही तिथे असूनही मिळत नाहीत. ‘वाऱ्या’चं, ‘दऱ्या’चं, ‘कचऱ्या’चंही तेच. उपाय थोड्या ओळींचा आहे: साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपं एकाच रूपात आणायची. हे रीडर बनवणाऱ्या परदेशातल्या प्रोग्रामरला आपणहून कळण्याचा संभव नाही. दोन्ही रूपांतले शब्द, अपेक्षित उत्तर आणि प्रत्यक्ष आलेलं उत्तर असं शेजारी-शेजारी लिहून ते त्याच्यापर्यंत मराठी वाचकानेच पोचवायला हवं.