खाण्याचा सोडा आणि धावण्याचा दम

(द्वितीय वर्ष, कला)

ढोकळा फुगावा म्हणून, छोले लवकर शिजावेत म्हणून आणि कधी पोटात जळजळ झाली तर पाण्यात चिमूटभर टाकून पिण्यासाठी आपल्या घरोघरी खाण्याच्या सोड्याची एक पुडी असतेच. हाच सोडा शर्यतीपूर्वी चमच्यांनी मोजून खाणारे धावपटू जगात आहेत, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. ठाऊक झाले तेव्हा त्याची किंमत माझ्या पोटाने मोजली.

रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीला सुटला. मग कला शाखेच्या मुलीने हा विषय लेखासाठी का घ्यावा, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की मी पोलीस भरतीची तयारी करते. बदलापूर गावातून पहाटे बारवी धरणाच्या रस्त्याने पळायला निघणाऱ्या मुलामुलींत मीही असते. तिकडून आले की अंघोळ, डबा आणि लोकल पकडून उल्हासनगरला कॉलेज. माझे बाबा अंबरनाथच्या आनंदनगर एम.आय.डी.सी.त कामगार आहेत. आई उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याकडून पीठ आणून घरी पापड लाटून देते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे पदवी आणि नोकरी या दोन्ही गोष्टींकडे घरातले सगळे डोळे लावून बसले आहेत.

पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. मुलींना 800 मीटर व 100 मीटर धावणे आणि गोळाफेक, तर मुलांना 800 ऐवजी 1600 मीटर. एकट्या 800 मीटरला 20 गुण आहेत, आणि ते पूर्ण हवे असतील तर अंतर 2 मिनिटे 50 सेकंदांच्या आत तोडावे लागते. तेव्हा माझी वेळ होती 3 मिनिटे 12 सेकंद. दोन-चार सेकंदांवर गुण आणि दोन-चार गुणांवर नोकरी, असा हा हिशेब आहे. म्हणूनच मैदानावर कोणी काही नवे सांगितले की आमच्यासारखी मुले लगेच कान टवकारतात.

मैदानावरच्या एका दादाने मला पेल्यात तीन चमचे सोडा ढवळून दिला. "अगं, घे. बाहेरदेशचे खेळाडू हेच घेतात. पोटातली जळजळ जाते, मग पायातली का जाणार नाही?" त्याचा हेतू चांगलाच होता. मी चहा आणि दोन बिस्किटांवर तो खारट पेला रिकामा केला आणि अर्ध्या तासाने सरावाच्या चाचणीला उभी राहिले. पाचशे मीटरपर्यंत कशीबशी पोचले. पुढे पोट नगाऱ्यासारखे फुगले, ओकारी झाली आणि उरलेला दिवस घरात आत-बाहेर करण्यात गेला. आईला कळले तेव्हा ती म्हणाली, "पापडखार चिमूटभर जास्त पडला तर पापड बिघडतो, आणि तू सोडा चमच्यांनी खाल्लास?"

आईच्या या प्रश्नानेच मी शोधाला लागले. ग्रंथालयातली शरीरशास्त्राची पुस्तके, आमचे क्रीडाशिक्षक आणि विज्ञान शाखेची एक मैत्रीण यांच्या मदतीने जे समजले ते सोप्या शब्दांत मांडते.

आपण संथ पळतो तेव्हा स्नायूंना लागणारी बहुतेक शक्ती प्राणवायूच्या साहाय्याने तयार होते. परंतु 800 मीटरसारख्या वेगवान शर्यतीत एवढा प्राणवायू वेळेवर पुरत नाही. मग स्नायू साठवलेली साखर प्राणवायूवाचून घाईघाईने फोडतात. या घाईत स्नायूंत आम्लता वाढते. शेवटच्या दोनशे मीटरला मांड्या पेटल्यासारख्या वाटतात आणि पाय शिशाचे होतात, त्यात या आम्लतेचा वाटा असतो. लॅक्टिक ॲसिडला आपण सगळे सरसकट दोष देतो. पण त्यातले लॅक्टेट हे शरीर पुन्हा इंधन म्हणून वापरते. त्रास देतात ते त्याच वेळी साठणारे हायड्रोजनचे आयन.

निसर्गाने यावर उपाय आधीच केलेला आहे. आपल्या रक्तात बायकार्बोनेट असतेच. ते या आयनांना पकडते, त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो वायू आपण श्वासावाटे बाहेर टाकतो. जोरात पळाल्यावर धाप लागते त्याचे हेही एक कारण आहे. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो पोटातून रक्तात गेला की रक्तातला हा साठा काही काळ वाढतो आणि स्नायूंतली आम्लता थोडी अधिक वेगाने बाहेर ओढली जाते. म्हणजे दादाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

ही कल्पना नवीही नाही. 1930 च्या सुमारास अमेरिकेत व युरोपात शास्त्रज्ञांनी असे प्रयोग केले होते. 1983 साली कॅनडातील संशोधकांनी 800 मीटरच्या सहा सरावलेल्या धावपटूंवर केलेली चाचणी तर आमच्याच अंतराची आहे. काहीही न घेता त्यांची सरासरी वेळ 2 मिनिटे 5.8 सेकंद होती. सोडा घेतल्यावर ती 2 मिनिटे 2.9 सेकंदांवर आली. जवळजवळ तीन सेकंदांचा फरक! पुढे झालेल्या अनेक अभ्यासांचा निष्कर्ष असा की साधारण अर्ध्या मिनिटापासून बारा मिनिटांपर्यंतच्या जोरकस श्रमात सोड्याचा उपयोग होऊ शकतो. मात्र फायदा थोडा असतो आणि तो प्रत्येकाला होतोच असे नाही. तासन् तास चालणाऱ्या मॅरेथॉनमध्ये अडचण वेगळी असते, तिच्याकडे पुढे येते.

आता प्रमाण पाहू. अभ्यासात वापरलेले प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे 0.2 ते 0.3 ग्रॅम आहे, आणि तो शर्यतीपूर्वी एक ते तीन तास घेतला जातो. माझे वजन 48 किलो. म्हणजे वरच्या प्रमाणाने 14.4 ग्रॅम, सुमारे तीन चहाचे चमचे. दादाचे माप बरोबर होते, पण वेळ चुकली होती. अर्ध्या तासात सोडा पोटातच होता. पोटातल्या आम्लाशी तो भिडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच ढोकळा फुगवणारा वायू. मैत्रिणीने हिशेब करून दाखवला की 14.4 ग्रॅम सोडा पूर्ण विरघळून आम्लाशी संयोग पावला तर चार लिटरच्या आसपास वायू होईल. पोटात तेवढे आम्ल एका वेळी नसते म्हणून सगळा होत नाही, पण जो होतो तो पुरे होतो. उरलेला खारटपणा आतड्यात पाणी ओढून घेतो आणि जुलाब होतात. वेळ नीट पाळूनही हा त्रास पुष्कळांना होतो. या त्रासावर तोड म्हणून 2023 साली मॉर्टेन या स्वीडिश कंपनीने सोड्याच्या बारीक गोळ्या जेलीत मिसळून घेण्याची पद्धत बाजारात आणली. त्यामुळे सोडा पोट ओलांडून पुढे जातो. ती वस्तू आमच्या खिशाला परवडणारी नाही.

दुसरी गोष्ट सोडियमची. तीन चमचे सोड्यातून जवळजवळ चार ग्रॅम सोडियम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. म्हणजे एका पेल्यात दोन दिवसांचा वाटा! ज्याला रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्याने तर या वाटेला जाऊच नये. गच्च भरलेल्या पोटावर पुष्कळ सोडा एकदम घेतल्याने जठर फाटल्याची क्वचित उदाहरणेही वैद्यकीय नोंदींत आहेत. आणखी एक सूचना आमच्या उल्हासनगर भागासाठी मुद्दाम करते. इथे घरोघरी पापडाचे काम चालते, त्यामुळे डब्यांत पांढऱ्या पुडी अनेक असतात. पापडखार, धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा दिसायला सारखे असले तरी एक नव्हेत. धुण्याचा सोडा पोटात गेला तर तोंड आणि अन्ननलिका भाजू शकते.

सोडा घेणे नियमाविरुद्ध आहे का? नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत त्याचे नाव नाही. मात्र घोड्यांच्या शर्यतीत घोड्याला नळीने सोडा पाजण्यास बंदी आहे. खरा धोका आहे तो नाव-गाव नसलेल्या भुकट्यांचा. "ताकद वाढवा" असे लिहिलेल्या डब्यांत काय मिसळले आहे हे पुष्कळदा डब्यावर लिहिलेले नसते. खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले तर जबाबदार तोच धरला जातो. "मला माहीत नव्हते" एवढ्याने सुटका होत नाही.

आता इंधनाकडे वळते, कारण माझ्या मते आमचा खरा प्रश्न तिथे आहे. शरीर साखर ग्लायकोजनच्या रूपात स्नायूंत व यकृतात साठवते. हा साठा साधारण 400 ते 500 ग्रॅमचा असतो आणि दीड-दोन तासांच्या जोरकस श्रमाला पुरतो. मॅरेथॉनच्या धावपटूला वाटेत काही खावे लागते ते याचसाठी. एक तासाहून अधिक चालणाऱ्या शर्यतीत दर तासाला 30 ते 60 ग्रॅम पिष्ट किंवा साखर घ्यावी असे सांगतात. एका मध्यम केळ्यात अशी 25 ग्रॅमच्या आसपास असते. परदेशी जेलच्या एका पुडीतही साधारण तेवढीच.

तीन मिनिटांच्या शर्यतीसाठी वाटेत खाण्याची गरज नाही, हे उघड आहे. पण रोजच्या सरावासाठी साठा भरलेला हवा. इथे मी स्वतःची वही उघडली. मी रोजची वेळ लिहून ठेवते. त्या महिन्यापासून शेजारी काय खाल्ले तेही लिहू लागले. पाहते तो काय, आठवड्यातले चार दिवस मी रात्रीचे जेवण अर्धवट करून सकाळी नुसत्या चहावर पळत होते. सोमवारी उपवास, गुरुवारी उपवास. घरी परतल्यावर डबा भरण्याच्या घाईत पुन्हा नुसता चहा. रिकाम्या भांड्यात सोडा टाकून ढोकळा कसा फुगणार?

क्रीडाशिक्षकांच्या सल्ल्याने मी तीन बदल केले. रात्री भाकरी किंवा भात पोटभर. पळण्यापूर्वी पाऊण तास एक केळे किंवा गूळ-शेंगदाण्याचा लहान लाडू. पळून आल्यावर तासाभरात पोहे, अंडे किंवा मोडाची उसळ. उपवास एकच ठेवला आणि त्या दिवशी जोराचा सराव बंद केला. आईने आधी कुरकुर केली, मग तीच रात्री केळी आणून ठेवू लागली. चार महिन्यांनी माझी वेळ 2 मिनिटे 58 सेकंदांवर आली आहे. यात सरावाचा वाटा किती आणि जेवणाचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. अजून आठ सेकंद बाकी आहेत.

पाण्याविषयी थोडे. आपल्या भागात पावसाळ्याच्या तोंडाला हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही आणि शरीर तापत जाते. 2024 च्या जूनमध्ये आपल्या जवळच बाळेगाव येथे राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना एका तरुण उमेदवाराचा मृत्यू झाला. कारण ठरवणे हे डॉक्टरांचे काम, पण त्या बातमीनंतर आमच्या गटातले सगळे त्या दिवशी न पळताच घरी परतले होते. उन्हात मळमळ, चक्कर किंवा अंगावर शहारे आले तर थांबले पाहिजे, हे आम्ही तेव्हापासून एकमेकांना बजावतो.

घाम फार गेला असेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती पेय पुरते. याच तत्त्वावर 1971 साली डॉ. दिलीप महालनाबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या हजारो रुग्णांना वाचवले. गंमत अशी की त्यांच्या त्या मिश्रणात मीठ आणि ग्लुकोजबरोबर खाण्याचा सोडाही होता, पण लिटरला तीन ग्रॅमही नाही!

माझे म्हणणे एवढेच आहे की सोडा हे ढोंग नाही, त्यात गुण आहे. पण तो गुण वर्षानुवर्षे नीट खाऊन-पिऊन आणि सराव करून वेळ घटवलेल्या धावपटूला शेवटचे दोन सेकंद मिळवून देणारा आहे. साताऱ्याच्या मोही गावच्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचून दहाव्या आल्या, तिथवर जाण्याला आधी वर्षांची मेहनत लागली. आमच्यापैकी बहुतेकांची गळती त्या दोन सेकंदांच्या कितीतरी अलीकडे, रात्रीच्या ताटात आणि सकाळच्या चहात आहे. ज्याला सोडा घेऊन पाहायचाच असेल त्याने डॉक्टरांना विचारून, अगदी थोड्या प्रमाणापासून, सरावाच्या दिवशी पाहावा. भरतीच्या दिवशी प्रथमच कधीही नको.

शेवटी आपल्या जिमखान्याला एक विनंती. वर्षातून एकदा एखाद्या आहारतज्ज्ञाचे व्याख्यान ठेवावे आणि मैदानावर वजनकाटा व पिण्याच्या पाण्याची सोय करावी. भरतीची तयारी करणारी मुले आपल्या कॉलेजात पुष्कळ आहेत. मैदानावरच्या त्या दादालाही मी व्याख्यानाला घेऊन येईन. हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्याला सगळे सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझीही वही करून दे."