सहा इंजिनांची थरथर

पाण्यावर उतरणारी ती अवाढव्य प्रवासी विमानं गेली कुठे, असा प्रश्न वाचकांकडून अधूनमधून येतो. दुसऱ्या महायुद्धात जगभर लांबलचक धावपट्ट्या झाल्या, पाण्याची गरज संपली, हे त्याचं सोपं उत्तर. लातेकोएर ६३१ या फ्रेंच विमानाबाबत मात्र एवढ्यावर भागत नाही.

पंखांचा विस्तार ५७ मीटर, वजन ७० टनांच्या वर, १६०० अश्वशक्तीची सहा इंजिनं. प्रवासी मात्र अवघे ४६, पण त्यांना झोपायला बर्थ आणि बसायला बार! पहिल्या विमानानं १९४२ मध्ये उड्डाण केलं. ते जर्मनांनी ताब्यात घेऊन कॉन्स्टन्स सरोवरावर नेलं आणि १९४४ मध्ये दोस्तांच्या विमानांनी तिथंच नष्ट केलं. युद्ध संपल्यावर फ्रान्सनं आपली पत पुन्हा उभी करायला याच जातीचं विमान पुढे केलं.

ऑक्टोबर १९४५ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना एका इंजिनाचा पंखा तुटला आणि त्याचा तुकडा विमानाचं धड चिरत आत घुसला. दोन प्रवासी दगावले. वैमानिकानं तशा अवस्थेत उरुग्वेतल्या एका खाजणात विमान उतरवलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये दुसरं विमान हिमवादळात इंग्लिश खाडीत कोसळलं, १९ जण गेले. त्याच वर्षी १ ऑगस्टला मार्टिनिकहून आफ्रिकेकडे निघालेलं विमान ५२ जणांसह अटलांटिकमध्ये नाहीसं झालं. हाती लागले ते थोडे अवशेष. एअर फ्रान्सनं ६३१ सेवेतून काढून घेतलं.

‘शापित विमान’ म्हणून किस्से रंगवणारे इथंच थांबतात. खरी गोष्ट इथून सुरू होते. ऑगस्टच्या अपघाताचं कारण शोधायचं, तर तसंच विमान पुन्हा उडवून पाहायला हवं होतं.

झाडाला बांधलेला झोका आठवा. दणकट माणसानं वाटेल तेव्हा धक्के दिले तर झोका नुसता अडखळतो. लहान पोरानं नेमक्या क्षणी बोटभर जोर लावला, की दहा-पंधरा हेलकाव्यांत तो फांदीला भिडू पाहतो. जोरापेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं. विमानाच्या पंखालाही स्वतःचा असा हेलकाव्याचा ठेका असतो. पिस्टन इंजिन तर जन्मजात थरथरतं, आणि फेरे कमी-जास्त केले की त्या थरथरीचा ठेकाही बदलतो. म्हणजे दोन्ही ठेके जुळण्याची जागा वैमानिकाच्या हातातल्या, इंजिनाचे फेरे ठरवणाऱ्या दांड्याच्या वाटेवर कुठेतरी दडलेली असते.

२८ मार्च १९५० रोजी काप फेरेजवळच्या समुद्रावर १२ जण चाचणीसाठी उडाले आणि विमान कोसळलं. कोणीही वाचलं नाही. चौकशीत निघालं ते असं: इंजिनांच्या एका ठरावीक ताकदीला त्यांची कंपनं आणि पंखाची कंपनं जुळत होती, आणि त्या माऱ्यानं एलेरॉनची, म्हणजे विमान डावं-उजवं कलवणाऱ्या पंखावरच्या फळीची, नियंत्रणयंत्रणा तुटली. शोधायला निघालेलं कारण सापडलं, ते असं.

अशा चाचण्यांची कल्पना नवी नव्हती. १९३५ मध्येच फोन श्लिप्पे या जर्मन अभियंत्यानं पद्धत सुचवली होती: उडत्या विमानाला मुद्दाम कंपनं द्यायची, वेग टप्प्याटप्प्यानं वाढवायचा, आणि हेलकावा झपाट्यानं वाढू लागला की माघार घ्यायची. कागदावर किती शहाणपणाचं! पण १९३८ मध्ये अशाच चाचणीत युंकर्स ९० विमान गेलं. धोक्याची रेघ दिसण्यासाठी तिच्या फार जवळ जावं लागतं.

पुढे ६३१ मालवाहू म्हणून आफ्रिकेत वापरून पाहिलं. १९५५ मध्ये कॅमेरूनमध्ये वादळात एक पडलं, १६ जण गेले, आणि या विमानाची कारकीर्द संपली.

आपल्याकडे अनुनाद, म्हणजे ठेके जुळण्याचा हाच प्रकार, शिकवताना अमेरिकेतल्या वाऱ्यानं कोसळलेल्या टकोमा पुलाची चित्रफीत दाखवतात. ते उदाहरण मुळातच चुकीचं आहे. तिथला वारा ठेका धरून धक्के देत नव्हता. पुलाच्या पिळण्यातूनच वाऱ्याचा जोर वाढत गेला, आणि तो प्रकार वेगळा. बाहेरचा ठेका आणि आतला ठेका जुळल्यानं काय होतं, हे सांगायचं तर ६३१ चं उदाहरण कितीतरी चोख आहे. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी यंदा पूल बाजूला ठेवून हे विमान वर्गात न्यावं.