जाताना वरून, येताना आतून

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेटचं मैदान येतं, कांगारू येतं, फार तर लाल मातीचं वाळवंट येतं. त्याच देशात दिवसाही अंधारं वाटावं असं ओलंचिंब, सदाहरित जंगल आहे, हे कुणी सांगितलं तर पटकन पटत नाही. पण ते आहे. देशाच्या ईशान्य टोकाला, क्वीन्सलँड राज्यात, केर्न्स नावाच्या शहराच्या पाठीशी. समोर समुद्र, मागे डोंगराची भिंत आणि त्या भिंतीवर सुमारे ३३० मीटर उंचीवर कुरांडा नावाचं छोटं गाव. आज मी आपल्याशी बोलणार आहे ते केर्न्स ते कुरांडा या वाटेविषयी. खरं म्हणजे दोन वाटांविषयी.

पहिली वाट रेल्वेची. ती १८९१ साली कुरांड्याला पोहोचली. दुसरी वाट आकाशातली, म्हणजे केबल कारची. आपण तिला रोपवे म्हणू. ती १९९५ साली सुरू झाली. बहुतेक प्रवासी एका वाटेनं वर जातात आणि दुसरीनं खाली येतात. सकाळी निघून संध्याकाळी परत. माझी भाची ब्रिस्बेनला नोकरी करते. तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिनं ही सहल ठरवली. तिकिटं दाखवत म्हणाली, ‘‘मामू, जाताना वरून जायचं, येताना आतून यायचं.’’ तिनं सोयीचं सांगितलं होतं. मला मात्र त्या दिवसभरात वाटत राहिलं, की जंगलाकडे पाहायच्या दोन रीतीच तिनं त्या वाक्यात सांगून टाकल्या.

आधी वरची वाट. ही केबल कार साडेसात किलोमीटर लांब आहे. रायगडाच्या पाळण्यात बसलेल्यांना कल्पना येईल, पण इथली रचना थोडी वेगळी. एक अखंड पोलादी दोर सतत फिरत असतो. पाळण्याच्या माथ्यावरचा चिमटा तो दोर घट्ट धरून असतो. स्थानक आलं की चिमटा सुटतो, पाळणा दोरावरून बाजूला होऊन अगदी सावकाश चालू लागतो. माणसं उतरतात, चढतात आणि बाहेर पडताना चिमटा पुन्हा दोर पकडतो. त्यामुळे मुख्य दोराला थांबावं लागत नाही आणि माझ्यासारख्या गुडघे दुखणाऱ्या माणसाची तारांबळ उडत नाही. वाटेत दोन ठिकाणी उतरता येतं. पहिलं रेड पीक. ते ५४५ मीटर उंचीवर, म्हणजे कुरांड्याहूनही वर आहे. दुसरं बॅरन धबधब्याजवळ.

पाळणा जंगलाच्या डोक्यावरून जातो. जमिनीवरून जंगल पाहिलं तर खोडं दिसतात. इथून शेंडे दिसतात. शेंड्याला शेंडा लागलेला, मध्ये फट म्हणून नाही. हे जंगलाचं छप्पर. ऊन बहुतेक सगळं इथंच अडतं. तळाला पोहोचतो तो त्याचा अगदी थोडा अंश. म्हणून पानं, फुलं, फळं, पाखरं यांचा बाजार वरच भरलेला असतो. खाली सावली, ओल आणि कुजणारा पाचोळा. उंच फांद्यांच्या बेचक्यांत टोपलीसारखे नेचे बसलेले दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, बांडगूळच. पण बांडगूळ झाडाचा रस शोषतं. हा नेचा झाडाकडून फक्त बसायला जागा घेतो. वरून गळणारी पानं आपल्या टोपलीत झेलतो, ती कुजली की तेच त्याचं खत. भाड्याच्या खोलीत राहून स्वतःचा स्वयंपाक करणाऱ्या पोरासारखा. गळफास अंजिराची गोष्ट वेगळी. पक्ष्याच्या विष्ठेतून त्याचं बी फांदीवर पडतं, मुळं खाली जमिनीपर्यंत उतरतात आणि काही दशकांत मूळचं झाड त्या मुळांच्या जाळीत गुदमरून जातं. आपल्याकडे ताडाला मिठी घातलेला वड पाहिलेल्यांना हे नवं नाही.

रेड पीकला उतरलं की फळ्यांच्या पायवाटेनं जमिनीवरचं जंगल पाहता येतं. तिथं एक काटेरी वेत असतो. त्याचे आकडे कपड्यात अडकले की ओढून सुटत नाहीत. थांबून, मागे येऊन सोडवावे लागतात. तिथल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांनी त्याला ‘जरा थांब’ अशा अर्थाचं नाव दिलं. नाव ठेवणारा माणूस कवी असणार, असं मला वाटलं. या जंगलाचा खरा माळी म्हणजे कॅसोवरी. माणसाएवढा उंच, निळ्या मानेचा, न उडणारा पक्षी. तो फळं अख्खी गिळतो आणि मैलभर पुढं जाऊन बिया विष्ठेतून टाकतो. काही झाडांची फळं इतकी मोठी, की ती गिळणारा दुसरा प्राणीच तिथं नाही. कॅसोवरी गेला तर ती झाडं आपल्या आईच्या सावलीतच अडकून राहतील. त्याची पिलंही बापच वाढवतो. अंडी तोच उबवतो.

हे जंगल १९८८ साली जागतिक वारशाच्या यादीत आलं. क्षेत्र सुमारे ८,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या भूमीचा जेमतेम हजारावा हिस्सा. सपुष्प वनस्पतींची काही अतिशय जुनी घराणी इथं अजून नांदतात. दहा कोटी वर्षांहूनही आधी भारत आणि ऑस्ट्रेलिया गोंडवन नावाच्या एकाच महाखंडाचे भाग होते. आपला सह्याद्रीही २०१२ पासून त्याच जागतिक यादीत आहे. त्या अर्थानं हे दूरचे पण एकाच वाड्यातून वेगळे निघालेले भाऊबंद म्हणायला हरकत नाही.

अशा जंगलावरून रोपवे न्यायचा म्हटल्यावर वाद होणारच. झालाही. काहींनी निदर्शनं केली. परवानग्या आणि अभ्यास यांतच सुमारे सात वर्षं गेली. बांधकाम मात्र सव्वा वर्षाच्या आसपास आटोपलं. जंगलात रस्ता करायचा नाही, असं ठरलं होतं. मग खांब न्यायचे कसे? हेलिकॉप्टरनं वरून उतरवले. कामगार हत्यारं घेऊन रोज पायी चालत जात. खांबाच्या जागेवरची वरची माती आणि पाचोळा बाजूला काढून ठेवला, रोपं नोंद करून उपटली आणि काम झाल्यावर सगळं परत लावलं. त्याच खांबांजवळून जाताना मी मुद्दाम खाली पाहत होतो. पायथा झाडीत लपलेला.

आता आतली वाट. ही आगगाडी आज सहलीची आहे, पण ती बांधली गेली भुकेपोटी. डोंगरापलीकडे हर्बर्टन इथं कथिलाच्या खाणी होत्या. १८८२ च्या पावसाळ्यात बैलगाड्यांच्या वाटा चिखलात बुडाल्या, धान्य पोहोचेना, खाणकामगारांवर उपासमारीची पाळी आली. त्यांनी रेल्वेची मागणी केली. किनाऱ्यावरची गावं ‘आमच्याकडून न्या’ म्हणून भांडू लागली. अखेर केर्न्सहून बॅरन नदीच्या दरीतून मार्ग ठरला आणि १८८६ साली काम सुरू झालं.

या मार्गाचा मधला टप्पा अवघ्या साडेचोवीस किलोमीटरांचा. पण त्यात १५ बोगदे आणि वळणांवर वळणं. जॉन रॉब नावाच्या कंत्राटदारानं तो केला. एका वेळी दीड हजारांपर्यंत माणसं राबत होती. त्यांत आयरिश आणि इटालियन बरेच. हाती पहार, कुदळ, फावडी, घमेली आणि सुरुंगाची दारू. उभा उतार, त्यावर भुसभुशीत मातीचा थर. पाऊस पडला की केलेलं काम दरीत. माणसं तापानं गेली, अपघातांत गेली. आपल्या बोरघाटातून १८६३ साली गाडी धावली, तीही अशीच माणसं खर्ची घालून. घाट कुठलाही असो, प्रवाशाला खिडकीतून मिळणारं दृश्य कुणीतरी आधीच किंमत मोजून ठेवलेलं असतं.

परतीला आम्ही या गाडीत बसलो. जुन्या धाटणीचे लाकडी डबे, खिडक्या उघड्या. बॅरन धबधब्यापाशी गाडी थोडा वेळ थांबते. सगळे फलाटावर उतरतात. पुढं स्टोनी क्रीकचा लोखंडी पूल येतो. तो धबधब्यासमोरून वळण घेत जातो. इंजिन पुलाच्या एका टोकाला आणि आपण दुसऱ्या, तरी इंजिन आपल्याला समोर दिसतं. या पुलावर १८९० साली एक मेजवानी झाली. पाहुणे होते क्वीन्सलँडचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन. १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात इंग्रज फौजेबरोबर होते, तेच हे नॉर्मन. साम्राज्याचे नोकर कुठून कुठे बदलून जात, त्याचा हा नमुना. सांगतात की धबधब्याच्या आवाजापुढं त्या दिवशी एकालाही भाषण करता आलं नाही. भाषणं ऐकून ऐकून कान किटलेल्या आपल्यासारख्यांना त्या धबधब्याबद्दल आपुलकी वाटावी! आणि गंमत अशी, की ज्या हर्बर्टनसाठी हा खटाटोप झाला, तिथं रेल्वे पोहोचली १९१० साली. उपासमारीनंतर २८ वर्षांनी.

इथवरची गोष्ट कंत्राटदार, गव्हर्नर आणि अभियंते यांची. पण हा डोंगर रिकामा नव्हता. तो जाबुगाय लोकांचा. ज्याला आपण बॅरन धबधबा म्हणतो, त्याचं त्यांच्या भाषेतलं नाव दिन दिन. त्यांच्या कथेत बुडाजी नावाचा प्रचंड सर्प सरपटत गेला आणि त्याच्या वाटेनं ही दरी आणि हे ओढे कोरले गेले. रेल्वेसाठी सुरुंग लावताना त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांच्या पायवाटा, शिकारीच्या जागा, मुक्काम उधळले गेले. १९१३ साली कुरांड्याजवळ मोना मोना नावाची मिशन वसाहत निघाली. मूळ रहिवाशांना तिथं आणून ठेवण्यात आलं. मुलं आईबापांपासून वेगळी वसतिगृहात वाढली. ती वसाहत १९६२ पर्यंत चालली. मुलाला आईपासून तोडलं की भाषा आपोआप तुटते, त्यासाठी वेगळा हुकूम काढावा लागत नाही. दिन दिन हा शब्द मी दोनतीनदा मोठ्यानं म्हणून पाहिला. पाणी पडल्यासारखाच त्याचा आवाज आहे.

२००४ साली न्यायालयानं बॅरन दरीच्या राष्ट्रीय उद्यानावर जाबुगाय लोकांचा पारंपरिक हक्क मान्य केला. रेल्वे कुरांड्याला पोहोचल्याला तेव्हा ११३ वर्षं झाली होती. आज या गाडीच्या इंजिनांवर बुडाजी सर्पाचं चित्र रंगवलेलं आहे. ते पाहून मला बरंही वाटलं आणि अस्वस्थही. ज्याची दरी, त्याचं चित्र इंजिनावर, हा मान आहे. पण चित्र रंगवायला काही दिवस लागतात आणि हक्क मिळायला शतक. या दोन गोष्टी एकच आहेत, असं मानून आपण निवांत बसू नये.

जंगलाचीही एक बाजू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं आणि त्याच्या पाठोपाठ पाऊस हलेचना. काही ठिकाणी पाच दिवसांत दोन मीटरहून अधिक पाऊस पडला. म्हणजे दाराच्या चौकटीएवढं पाणी! बॅरन नदीला विक्रमी पूर आला. घाटात दरडी कोसळल्या आणि रेल्वे काही महिने बंद राहिली. २०२४ मध्ये ती दुरुस्त होऊन पुन्हा धावू लागली. रॉबच्या माणसांना छळणारा उतार आणि ती भुसभुशीत माती जिथल्या तिथंच आहे.

मग यांतली चांगली वाट कोणती? केबल कार सौम्य आणि रेल्वे क्रूर, असा निकाल द्यायचा मोह होतो. तो अपुरा आहे. रेल्वेनं डोंगर फोडला, पण ती भुकेल्या माणसांसाठी निघाली होती. केबल कारनं जंगलाला जपलं, पण ती निघाली प्रवाशांच्या हौसेसाठी. केबल कारला सात वर्षं थांबावं लागलं, कारण तोवर जंगलाला कायद्यानं आवाज मिळाला होता. १८८६ साली तसं थांबवणारं कुणी नव्हतं.

आपल्याकडेही डोंगरांवर नव्या वाटा होतात, रोपवे होतात, बोगदे होतात. नकाशा समोर आला की आपण विचारतो, किती मिनिटं वाचतील? तो प्रश्न वाजवीच आहे. त्याच्या जोडीला आणखी तीन विचारावेत. ही वाट नेमकी कुणाच्या गरजेची? काढलेली माती परत तिथंच घालणार का? आणि या डोंगराला पहिलं नाव ज्यांनी दिलं, त्यांना विचारलं का? उत्तरं मिळायला वेळ लागेल. त्या काटेरी वेताचं म्हणणं तेच तर आहे. जरा थांब.