बॅरिस्टर अंतुले: एकोणीस महिन्यांची घाई

महाराष्ट्रातल्या बहुतेक माजी मुख्यमंत्र्यांचा मागोवा घ्यायचा म्हणजे त्यांचे साखर कारखाने, शिक्षणसंस्था आणि वारसदार मोजत बसायचं. बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांच्यासाठी मात्र कायद्याची पुस्तकं उघडावी लागतात. कुठल्याही विधी महाविद्यालयात जा, फौजदारी कायद्याच्या तासाला ‘अंतुले विरुद्ध नायक’ भेटतो. घटनेच्या तासाला फूटपाथवर राहणाऱ्यांचा खटला भेटतो, आणि त्याचंही मूळ अंतुल्यांच्याच एका हुकमात आहे. ९ जून १९८० ते जानेवारी १९८२ अशी जेमतेम एकोणीस महिन्यांची कारकीर्द. पूर्ण पाच वर्षं खुर्चीत बसून गेलेल्यांनीही इतक्या खुणा मागे ठेवलेल्या नाहीत.

त्यांचा जन्म १९२९ सालचा, म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचा. सावित्रीच्या खाडीकाठचं हे गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं. लंडनहून बॅरिस्टर होऊन आल्यावर १९६२ साली ते श्रीवर्धनमधून विधानसभेत गेले आणि १९७६ पर्यंत तिथे राहिले. मध्यंतरी मंत्रिपदंही मिळाली. सीमाप्रश्नावर महाजन आयोगाचा अहवाल आला, तेव्हा त्यातल्या विसंगती उघड्या पाडणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं ते याच बॅरिस्टरांनी. मराठी माणसाची बाजू वकिली शिस्तीने मांडणारं ते काम आज फारसं कुणाला आठवत नाही, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे.

१९७८ साली काँग्रेस फुटली, तेव्हा राज्यातले बडे नेते इंदिरा गांधींना सोडून गेले. अंतुले गेले नाहीत. त्याचं फळ १९८० च्या निवडणुकीनंतर मिळालं. मराठा नाहीत, साखरपट्ट्यातले नाहीत, हाताशी सहकारी बँक नाही, दूधसंघ नाही, असा एक कोकणी मुसलमान मुख्यमंत्री झाला. आजवरचा तो एकमेव. खुर्चीचा एकच पाय, आणि तोही दिल्लीत. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हे ध्यानात ठेवायला हवं.

हा माणूस कामाला लागला तो धावतच. शपथविधीला दोन आठवडे होतात न होतात तोच विमान अपघातात संजय गांधी गेले. त्यांच्या नावाने अंतुल्यांनी निराधारांसाठी अनुदान योजना काढली. नाव अर्थातच पक्षश्रेष्ठींना खूश करणारं, पण योजना टिकली. आज चाळीसहून अधिक वर्षांनीही तहसील कचेरीच्या व्हरांड्यात म्हाताऱ्या विधवा बाया ‘संजय गांधीचे पैसे आले का’ असं विचारतात. तो संजय गांधी कोण, हे त्यातल्या कित्येकींना ठाऊक नसेल.

मग नकाशा बदलला. १९८१ च्या १ जानेवारीला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला आणि मराठवाड्यात जालना. राज्य स्थापन झालं तेव्हा जिल्हे २६ होते, आणि वीस वर्षं कुणी त्यांना हात लावला नव्हता. गंमत अशी, की दोन जिल्ह्यांना शिवरायांच्या किल्ल्यांची नावं देणारा मुख्यमंत्री मुसलमान होता आणि त्याचं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. लंडनहून भवानी तलवार परत आणण्याची घोषणाही त्यांचीच. तलवार काही आली नाही, पण ती मागणी मात्र महाराष्ट्राच्या राजकारणात कायमची मुक्कामाला राहिली.

औरंगाबादला उच्च न्यायालयाचं खंडपीठ व्हावं ही मराठवाड्याची जुनी मागणी. केंद्राकडे कागद फिरत होते. राज्य पुनर्रचना कायद्यातल्या एका कलमाचा आधार घेऊन २७ ऑगस्ट १९८१ पासून तिथे न्यायमूर्ती बसू लागले. त्यालाही आव्हान दिलं गेलं आणि ते सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही. मराठवाड्यातल्या पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटा वाचला तो असा.

पण तीच घाई फूटपाथवरच्या माणसाच्या अंगावर आली. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना बसमध्ये घालून आपापल्या गावी धाडून द्यायचं असं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. झोपड्या मोडायला सुरुवातही झाली. या लोकांना गाव सोडून का यावं लागलं, ते परत गेले तर खातील काय, असला कुठलाच प्रश्न त्या हुकमात नव्हता. ज्याने निराधारांना अनुदान दिलं त्याचाच हा हुकूम, हे मला आजही खटकतं. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे तत्त्व त्यातून देशाला मिळालं. पदपथ रिकामे करायला मात्र न्यायालयाने आडकाठी केली नाही. रीतसर नोटीस देऊन, पावसाळ्यानंतर, एवढंच.

आता सिमेंट. ज्यांनी तो काळ पाहिलेला नाही त्यांना सांगायला हवं, की तेव्हा सिमेंट दुकानात जाऊन विकत घेता येत नसे. भाव सरकारी, वाटप सरकारी, आणि तुटवडा कायमचा. घराला स्लॅब घालायचा तर परमिट लागे. परमिटाच्या सिमेंटचा भाव एक आणि काळ्या बाजारातला दुसराच, आणि या दोन भावांमधली तफावत म्हणजेच परमिट देणाऱ्याच्या सहीची किंमत.

अंतुल्यांनी काही न्यास काढले होते. त्यातला सर्वांत गाजलेला इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. कलावंत, लेखकांना मदत करायची हा जाहीर उद्देश. पैसे आले ते साखर कारखान्यांकडून आणि बिल्डरांकडून. औरंगाबादचं खंडपीठ सुरू होऊन चार दिवस झाले होते. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला, ‘इंदिरा गांधी अॅज कॉमर्स’ या मथळ्याचा. सिमेंटचा कोटा आणि न्यासाला मिळालेली देणगी यांची सांगड त्यात घातली होती. संसदेत गदारोळ झाला. इंदिराबाईंनी नाव वापरायला संमती दिली होती की नव्हती, यावरच दिवसच्या दिवस गेले.

माझा कयास असा, की अंतुल्यांना या न्यासांतून खिसा भरायचा नसावा. त्यांना स्वतःचा तळ उभारायचा होता. इतरांकडे कारखाने होते, बँका होत्या, हजारो सभासद होते. यांच्याकडे दिल्लीचा फोन तेवढा होता. साखरसम्राटांना तीस वर्षं लागली ते यांना दोन वर्षांत, चेकने, न्यासाच्या नावावर उभं करायचं होतं. पण म्हणून दोष कमी होत नाही. ज्याला सिमेंट हवंय त्याच्याच पुढे, सिमेंट देणाऱ्या हाताने देणगीची पावती धरायची, याला वर्गणी म्हणत नाहीत.

समाजवादी नेते प. बा. सामंत आणि त्यांचे सहकारी उच्च न्यायालयात गेले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. (हेच लेंटिन पुढे जे. जे. रुग्णालयातल्या औषधकांडाच्या चौकशीमुळे घराघरात पोचले.) अंतुल्यांनी राजीनामा दिला. २१ तारखेला त्यांच्याच मंत्रिमंडळातले बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. मधल्या काळात, १८ जानेवारीला, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि राज्याला काळजीवाहू मुख्यमंत्री होता. फेब्रुवारीअखेरीस केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं, आणि ज्या सहीवरून सरकार गेलं त्या सहीचा भाव उतरला.

मग सुरू झाली ती न्यायालयीन लढाई. भाजपचे रामदास नायक यांनी फिर्याद चालवली. विशेष न्यायाधीशांनी १९८३ मध्ये आमदार हा लोकसेवक असतो, म्हणून खटल्याला वेगळी मंजुरी हवी, असं म्हणत अंतुल्यांना सोडलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि खटला थेट उच्च न्यायालयाकडे पाठवला. तिथे ७९ आरोप निश्चित झाले, ५७ साक्षीदार तपासले गेले. आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच सात न्यायमूर्तींनी बहुमताने सांगितलं, की खटला असा पाठवणं हीच आमची चूक होती, कायद्यात तशी सोय नाही. सगळं पुन्हा पहिल्या पायरीवर. १९९१ च्या डिसेंबरात याच प्रकरणात जलद सुनावणीच्या हक्काबद्दल मार्गदर्शक सूत्रं घालून दिली गेली. दहा वर्षं रखडलेल्या खटल्यातून जलद न्यायाचं तत्त्व निघावं, याहून मोठा विनोद कुठला?

शिक्षा त्यांना कधीच झाली नाही. १९८९ पासून ते कुलाब्यातून अनेकदा लोकसभेत निवडून आले, १९९५ मध्ये नरसिंह रावांनी आरोग्यमंत्री केलं, २००६ मध्ये मनमोहन सिंगांनी अल्पसंख्याक खातं दिलं. त्यानंतर शेवटचा वाद. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे त्या रात्री कामा रुग्णालयाच्या दिशेने नेमके कुणाच्या सांगण्यावरून गेले, असा प्रश्न त्यांनी डिसेंबर २००८ मध्ये उभा केला. शहर सुतकात होतं. गृहमंत्री चिदंबरम यांनी संसदेत संशय फेटाळला आणि अंतुल्यांनी ते मान्य केलं. केंद्रीय मंत्र्याने हातात पुरावा नसताना असलं बोलू नये, एवढं त्या बॅरिस्टराला कळायला हवं होतं. २००९ मध्ये अनंत गीते यांनी त्यांना रायगडमध्ये हरवलं. २ डिसेंबर २०१४ रोजी, ८५ व्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांचे चाहते म्हणतात, न्यायालयाने सोडलं, मग डाग कसला? खटला खटल्याच्या जागी राहू द्या. सिमेंटचा कोटा मागायला आलेल्याकडून मुख्यमंत्र्याने देणगी घेतली की त्याने खुर्ची सोडायची, हा त्या जानेवारीतला न्याय रास्त होता. चारच वर्षांनी, १९८६ मध्ये, शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनाही उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, मुलीच्या एम.डी.च्या गुणांवरून.