मे महिन्याचा हेडफोन, डिसेंबरचा हेडफोन

तारेचा चांगला की ब्लूटूथचा? नागपुरात या प्रश्नाचं उत्तर ऋतू पाहून द्यावं लागतं.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये हेडफोन मागितला की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वायरवाला का ब्लूटूथवाला?" गिऱ्हाईक किंमत विचारतं, रंग विचारतं, ‘बास’ कसा आहे ते विचारतं. तुम्ही गाणं कुठे बसून ऐकता, हे मात्र कोणीच कोणाला विचारत नाही. माझ्या मते निम्म्याहून जास्त निर्णय तिथेच होतो. दोन्ही प्रकारचे हेडफोन मी बरीच वर्षं वापरतो आहे. मे महिन्यात जो हवाहवासा वाटतो, तो डिसेंबरात कपाटात पडून असतो.

कूलर चालू असताना

एप्रिल ते जून नागपूरच्या घरांत खिडकीला लावलेला कूलर चालूच असतो. त्याच्या आवाजात दोन आवाज मिसळलेले असतात. एक मोटर आणि पंख्याची जाड, एकसुरी घरघर. दुसरा ताट्यांवरून ठिबकणाऱ्या पाण्याचा बारीक सळसळाट. अशा खोलीत विलंबित ख्याल लावला तर तबला ऐकू येतो, तान ऐकू येते. पण आलापात गायक जिथे आवाज अगदी लहान करतो, ती जागा घरघरीत बुडून जाते. मग आपण आवाज वाढवतो. पुढे तान आली की ती कानावर आदळते, तरी बोट परत खाली जात नाही.

कानाला धोका इथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास ऐकला तर चालतो. आवाज ३ डेसिबलने वाढला की हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास आणि ९० डेसिबलला जेमतेम ४ तास. कूलरवर मात करायला आवाज चढवत राहिलं, तर आठवड्याचा वाटा दोन-तीन दुपारींतच संपू शकतो.

बाहेरचा आवाज कापणारे बिनतारी हेडफोन इथे उपयोगी पडतात. त्यांच्या बाहेरच्या अंगाला बारीक मायक्रोफोन असतात. ते खोलीतला आवाज टिपतात. आतली चिप त्याची बरोबर उलटी लहर तयार करते आणि गाण्याबरोबर कानात सोडते. मूळ लहरीच्या चढावर हिचा उतार पडतो आणि आवाज विरतो. मात्र हे जाड, संथ आवाजांनाच नीट जमतं. १०० हर्ट्झच्या आवाजाची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. तिचा अंदाज घ्यायला चिपला सवड मिळते. ५ हजार हर्ट्झची लहर सात सेंटिमीटरची. तिच्याशी चढ-उतार जुळवताना जराशी चूक झाली तरी हिशेब बिघडतो.

म्हणून असा हेडफोन लावला की कूलरची मोटर जवळपास नाहीशी होते आणि पाण्याची सळसळ राहते. अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली होती. विमानाच्या इंजिनाची घरघर आणि आपल्या कूलरची घरघर एकाच जातीची, त्यामुळे वैमानिकांसाठी विकसित झालेली युक्ती नागपूरच्या दुपारीही लागू पडते. तारेच्या हेडफोनमध्येही ही सोय देता येते, पण बाजारात ती बहुतेक बिनतारीतच मिळते. कानात घट्ट बसणारा तारेचा इअरफोन बारीक सळसळ चांगली अडवतो, जाड घरघर मात्र त्याला फारशी दाद देत नाही. एकूण मे महिन्यात माझा कौल ब्लूटूथला आहे. त्याचा स्वतःचा आवाज थोडा उणा असला, तरी शांततेमुळे हाती येणारं गाणं जास्त असतं.

कूलर बंद झाल्यावर

दिवाळीनंतर कूलर झाकला जातो, पंखाही थांबतो. आता हेडफोनचा आणि मुद्रणाचा खरा कस लागतो. तपासायला मी तानपुरा घेतो. घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा नेमक्या जागी सरकवला की एका तारेतून स्वरांची अख्खी झालर उठते. ही झालर वरच्या पट्टीतल्या फार नाजूक उपस्वरांची असते. ती नीट पोचली तर तानपुरा जिवंत वाटतो. नाही पोचली तर नुसता गुणगुणाट उरतो.

सीडीवरचा आवाज सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट एवढा असतो. ब्लूटूथच्या वाटेने एवढा माल सहज जात नाही, म्हणून तो आवळावा लागतो. गाण्यासाठीच्या प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनला समजणारी आवळण्याची पद्धत म्हणजे एसबीसी. तिची चांगल्यातली चांगली नेहमीची गती ३२८ किलोबिट. ती आवाजाचे पट्टे पाडते आणि ज्या पट्ट्यात जोर जास्त, त्याला जास्त बिट देते. वरच्या पट्ट्यांतल्या नाजूक उपस्वरांच्या वाट्याला कमी येतं, आणि झालर किंचित खरखरीत होते. सोनीची एलडॅक ९९० किलोबिटपर्यंत जाते. आयफोन मात्र एसबीसी आणि एएसी एवढ्याच दोन पद्धती चालवतो. एएसी किंवा एलडॅक नीट चालत असेल, तर डोळे मिटून फरक सांगणं मला क्वचितच जमतं. एसबीसीवर तानपुरा आणि झांज यांत तो जाणवतो. गळ्याच्या आवाजात जवळजवळ नाही.

दोन गोष्टी मात्र तार असण्या-नसण्यापेक्षा मोठ्या आहेत. पहिली मुद्रणाची. मूर्तिजापुरात जन्मलेले आणि नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले डॉ. वसंतराव देशपांडे १९८३ मध्ये गेले. त्यांच्या मैफलींची जी मुद्रणं आपण ऐकतो, त्यांतली कित्येक टेपवरची आहेत. टेपची सरसर आणि माइकची मर्यादा त्यांत आधीच आहे. महागडी तार तिथे काही नवं आणून देत नाही. इंटरनेटवरून ऐकलेलं गाणंही बहुधा आधीच एकदा आवळलेलं असतं. दुसरी गोष्ट रबरी टोपीची. इअरफोनची टोपी कानाच्या मापाची नसेल तर फटीतून खालचे स्वर निसटतात आणि तबल्याच्या बायाचा घुमारा जातो. लोक ‘बास नाही’ म्हणून इअरफोन परत करतात. डब्यातली दुसऱ्या मापाची टोपी लावून पाहिली असती तर बरेच इअरफोन परत गेले नसते.

दहा लाख वॉट आणि काही मिलिवॉट

बिनतारी गाण्याची नागपूरला सवय जुनी आहे. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, तीही नागपूरच्या १ हजार किलोवॉटच्या मध्यम लहरी प्रक्षेपकावरून, १५६६ किलोहर्ट्झवर. दहा लाख वॉटची ही ताकद आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतणाऱ्या लहरी, यांच्या जोरावर इथून निघालेला आवाज रात्रभर देशात दूरवर पोचायचा. मध्यम लहरींवर दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असल्याने आवाजाला साडेचार हजार हर्ट्झच्या आसपासच जागा मिळते. तानपुऱ्याची झालर त्यात मावत नाही. तरी एका पिढीचे कान त्याच आवाजावर तयार झाले.

आजच्या हेडफोनचं ब्लूटूथ काही मिलिवॉटवर चालतं आणि साधारण दहा मीटर जातं. ते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतं. वायफायही तिथेच असतं, म्हणून ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलत राहतं. याच पट्ट्यातल्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाचं शरीर बरंचसं पाणीच असतं. त्यामुळे फोन पँटच्या मागच्या खिशात ठेवला की गाणं अडखळतं. सीताबर्डी मेट्रो स्थानकावर गाडी बदलताना, भोवती शेकडो फोन असताना, मला हे हमखास जाणवतं. फोन छातीच्या खिशात हलवला की बहुधा भागतं. तारेला या गर्दीचं काही देणंघेणं नसतं.

गाणाऱ्यांसाठी वेगळा नियम

नुसतं ऐकणाऱ्याला ब्लूटूथचा उशीर कळत नाही. आवाज आवळणं, पाठवणं, उलगडणं यांत साधारण १०० ते २०० मिलिसेकंद जातात. व्हिडिओचे अ‍ॅप तेवढं चित्र मागे ठेवून जुळवून घेतात. फोनवरच्या तबल्याच्या अ‍ॅपबरोबर रियाज करतानाही अडत नाही, कारण कानात जी सम येते तिच्यावरच आपण येतो. माइकवर गाऊन स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकायचा असेल तेव्हा मात्र घोटाळा होतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते. २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे जवळजवळ एक मात्रा मागे! घरी गाणं मुद्रित करणाऱ्या विद्यार्थ्याने तारेचाच हेडफोन वापरावा. तिथे ऋतू कोणताही असो.

ऊन आणि बॅटरी

तारेचा हेडफोन बहुधा पिनेपाशी किंवा कानाशी, जिथे तार सतत वाकते तिथे, तुटतो. एका बाजूचा आवाज जातो, तार हलवली की येतो. दोष कुठे आहे ते दिसतं, आणि डाग देऊन नवी पिन बसवणारे कारागीर शहरात अजून सापडतात. तार काढता-घालता येणारा हेडफोन घेतला तर तेवढीही खटपट नाही, नुसती तार बदलायची.

ब्लूटूथ इअरबडमधली बॅटरी शेंगदाण्याएवढी असते. काहीशे वेळा चार्ज झाली की तिचा दम कमी होऊ लागतो, आणि उष्णतेने हे आणखी लवकर होतं. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असं तिचे उत्पादक साधारणपणे सांगतात. नागपुरात २३ मे २०१३ रोजी सावलीतलं तापमान ४७.९ अंश नोंदलं गेलं होतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ते कुठवर जात असेल, याचा अंदाज कोणीही करावा. म्हणून मे महिन्यात इअरबडची डबी डिक्कीत ठेवू नये, आणि चार्जिंग सकाळी किंवा रात्री करावं. बहुतेक इअरबड चिकटवून बंद केलेले असतात; बॅटरी संपली की चांगला स्पीकर आणि चांगली चिपही तिच्याबरोबर जाते.

घ्यायचा कोणता?

किंमत हजार-दीड हजाराच्या आत ठेवायची असेल तर तारेचा घ्यावा. तेवढ्याच पैशात ब्लूटूथवाल्याला रेडिओ, बॅटरी, चिप, मायक्रोफोन आणि डबी बसवायची असते; तारेवाल्याचे पैसे बहुतांशी आवाजावर खर्च होतात. साध्या फोनवर चालवायचा असेल तर १६ ते ३२ ओहमचा पुरतो. फोनला साडेतीन मिलिमीटरचं छिद्र नसेल, तर आवाज बदलणारी चिप आत असलेली टाइप-सी जोडणी घ्यावी. खर्चाची तयारी जास्त असेल आणि घरात कूलर असेल, तर आवाज कापणारा ब्लूटूथ हेडफोन घ्यावा. पण तो घरात आणि मेट्रोत वापरावा, दुचाकीवर कधीच नाही. त्या वेळी मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येणं जास्त महत्त्वाचं आहे.

दोन्ही घेणं परवडत असेल तर वाटणी सोपी आहे. कूलर चालू तोवर ब्लूटूथ, तो बंद झाला की तार. एकच घ्यायचा असेल तर वर्षातले किती महिने आपण कूलरसमोर बसून गाणं ऐकतो, ते मोजावं आणि मग बर्डीवर जावं. दुकानदाराने "वायरवाला का ब्लूटूथवाला?" विचारल्यावर आपणही उलट विचारावं, "ब्लूटूथवाल्याची बॅटरी बदलून मिळते का?" उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याची किंमत जेवढी वर्षं तो चालेल तेवढ्या वर्षांनी भागून पाहावी. तारेचा स्वस्त वाटतो की महाग, ते त्या भागाकारात कळेल.