नी-कॅपनं गुडघा वाचतो का?

परवा एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. गावातल्या मुलींचा कबड्डी संघ तालुक्याला खेळणार, म्हणून बायकांनी वर्गणी काढून नी-कॅप आणल्या होत्या. एक मावशी म्हणाल्या, "आता पोरींच्या गुडघ्याची काळजी मिटली." एवढ्या हौसेनं आणलेल्या, म्हणून मी तिथं गप्प बसले. आज बोलते.

नी-कॅप घालावीच. खरचटत नाही, मुका मार कमी लागतो. पण गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारी दोरीसारखी शीर असते, तिला लिगामेंट म्हणतात. चढाईत मुलगी पळता पळता गर्रकन वळते, पाय जमिनीला रुतलेला आणि अंग फिरलेलं, तेवढ्यात ती तुटते. पुष्कळदा कुणी पकडलेलंसुद्धा नसतं. कापडाची नी-कॅप तिथं काय करणार? आणि अशा खेळांत ही इजा मुलांपेक्षा मुलींना जास्त होते, दुप्पट किंवा त्याहूनही अधिक.

माझं हेच झालं. गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला, संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. घरी गरम तेलानं मालीश केली. एक्स-रे काढला, हाड शाबूत, म्हणजे काही नाही असं सगळ्यांनी ठरवलं. लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक! महिन्याभरात मी परत खेळले आणि गुडघ्यातली गादीही फाटली. आज मला खाली मांडी घालून बसता येत नाही.

म्हणून आवाज आला, लगेच सूज आली, पाय लचकायला लागला, तर चोळू नका. कापडात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशन झालं तर निदान नऊ महिने मैदान नाही, मग फायनल असो की काहीही.

पकडीत डोकं आपटून मुलगी बावरली, उलटी झाली, तर त्या दिवशीचा खेळ तिथंच संपला. थेट दवाखाना.

मग गुडघा वाचतो कशानं? सरावानं. फुटबॉलच्या फिफा संघटनेचा '11+' नावाचा वीसेक मिनिटांचा व्यायाम आहे. तो आठवड्यातून दोन-तीनदा नेमानं करणाऱ्या संघांत इजा कमी झाल्या. त्यात पळणं, एका पायावर तोल सांभाळणं, मांड्या आणि पोट बळकट करणं असतं. मुख्य म्हणजे उडी मारून उतरायचं कसं ते शिकवतात: गुडघे वाकवून, आत न झुकवता. याला पैसे लागत नाहीत. सरांना एवढंच विचारा, की आमच्या मुली रोज किती वेळ हे करतात?

आणि मावशी, तुम्ही ऐकत असाल तर, वर्गणीतले उरलेले पैसे खर्चू नका. स्पर्धेच्या दिवशी बर्फाचा डबा आणि डॉक्टरांपर्यंत जायचं गाडीभाडं, एवढं बाजूला ठेवा.